पडण्याची शिकवणी

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला गैरहजर राहू नये, हे मला वडील सांगून गेले होते. मी ऐकलं नाही. त्या दिवशी घरात मॅच बघत बसलो आणि रात्री साडेनऊला सेक्रेटरी दारात उभे राहिले. "अभिनंदन! सुरक्षा समितीचे प्रमुख म्हणून तुमची एकमतानं निवड झाली."

समितीत प्रमुख धरून एकच सभासद होता. हाताखाली एक वॉचमन. वय पासष्टच्या पुढं, शिट्टी उत्तम, बाकी सगळं माझ्यासारखंच. आणि प्रश्न गंभीर होता: चार महिन्यांत सोसायटीतल्या दोन सायकली आणि गच्चीवरच्या टाक्यांचे पितळी नळ चोरीला गेले होते.

"गच्चीला कुलूप लावा," बायको म्हणाली. "अडीचशे रुपयांत येतं."

पण प्रमुखपद डोक्यात गेलं होतं. चोर समोर आलाच तर? माझी उंची पाच फूट चार इंच, वजन ७८ किलो, वय ४८. आयुष्यात मारामारीचा प्रसंग एकदाच आला, इयत्ता चौथीत. त्यातही मी भांडण सोडवायला गेलो होतो. भांडणाऱ्या दोघांना काही झालं नाही.

मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. कुठल्याही गोष्टीचा आधी तक्ता करायचा, ही आमची हाडाची खोड. सोमवारी ऑफिसात बसून कराटे, तायक्वांदो, ज्युदो, कुस्ती, ताई-ची असा तक्ता केला. रकाने: फी, घरापासून अंतर, किती दिवसांत येतं, काय मोडू शकतं. शेवटचा रकाना मी अनुभवानं भरला. तिथं सगळीकडे 'मनगट' असंच आलं.

सुरुवात कराटेनं केली, कारण क्लास फुकटात सापडल्यासारखा होता. लेक चार वर्षं तिथं जात होती आणि तिला सोडायला-आणायला मी जातच होतो. मधला तासभर नुसतं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसण्यापेक्षा पांढरा पट्टा बांधावा, असा हिशोब. वयाची लाज वाटली तेव्हा मी गिचिन फुनाकोशींचा आधार घेतला. ओकिनावाचा हा शाळामास्तर १९२२ साली टोकियोत गेला आणि त्यानं जपानला कराटे दाखवलं, तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. मग मला अठ्ठेचाळिशीत काय धाड भरली? फुनाकोशी लहानपणापासून कराटे करत होते, हा तपशील मी सोयीनं वगळला. दावेदारही असंच करतात.

क्लासात पट्ट्याच्या रंगाप्रमाणे उभं राहायचं असतं. माझी लेक तपकिरी पट्टा, म्हणून पुढच्या ओळीत. मी शेवटच्या ओळीत, दुसरीतल्या सहा मुलांच्या शेजारी. त्यांतल्या एकाचा दात त्याच आठवड्यात पडला होता आणि ओरडताना त्याच्या फटीतून नुसती हवा यायची. तरी त्याची 'किआई' माझ्यापेक्षा बरी होती. ठोसा मारताना पोटातून जी आरोळी द्यायची, ती किआई. माझी आरोळी ऐकून सेन्सेईंनी क्लास थांबवला. "काका, भाजीवाल्याला हाक नाही मारायची."

कराटेचं एक वैशिष्ट्य मला फार आवडलं: समोर कुणी नसतं. 'कारा' म्हणजे रिकामा, 'ते' म्हणजे हात. पूर्वी हाच 'कारा' चीनचा वाचक होता, पुढं जपान्यांनी अक्षर बदललं आणि हात रिकामा झाला. माझ्या मते प्रतिस्पर्धीही तेव्हाच गेला असावा. 'काता' करताना काल्पनिक शत्रूंना एका ठरलेल्या नकाशावर फिरत मारायचं असतं. पहिल्या, हेयान शोदान नावाच्या कातात एकवीस हालचाली आहेत आणि जिथून निघालो तिथंच परत यायचं असतं. सगळा क्लास परत यायचा. मी कधी पाण्याच्या पिंपाजवळ संपायचो, कधी पालकांच्या खुर्च्यांत. पहिलीच हालचाल डावीकडे वळून खालचा वार अडवायची. मी उजवीकडे वळलो आणि दात पडलेल्या मुलासमोर आलो. त्यानं अडवलं. आमच्या दोघांपैकी त्याचंच बरोबर होतं.

तीन महिन्यांत फायदा झाला नाही असं म्हणणार नाही. रात्री झोप लागायला लागली. दोन पायांवर वजन सारखं टाकून उभं राहणं ही शिकण्याची गोष्ट आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी वीस वर्षं लोकलमध्ये दांड्याला लटकत होतो. पण परीक्षेच्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही दुसऱ्या बॅचला याल का? मैत्रिणी विचारतात."

दुसरी बॅच तायक्वांदोची होती. तिथं दोन आठवडेच टिकलो, म्हणून थोडक्यात सांगतो. कोरियाचा हा खेळ पायांचा. मुक्क्याला एक गुण, छातीवर लाथ बसली तर दोन, डोक्यावर तीन. माझी लाथ पोचायची गुडघ्यावर, आणि कमरेखाली मारलं तर गुण समोरच्याला मिळतो. दोन आठवड्यांत मी अनेकांचे गुण वाढवले. नंतर मांडीचा मागचा स्नायू धरला आणि चार दिवस ऑफिसात अंग चोरून, तिरपा बसलो.

मग मे महिन्यात आजोळी कऱ्हाडला गेलो.

कुस्तीबद्दल मला एक वंशपरंपरागत ऐट होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या मिरवणुकीला दीडशेच्या वर बैलगाड्या होत्या असं सांगतात आणि त्यांत आमच्या आजोबांची गाडी होती असं आजोबा सांगत. तिचा नंबर कितवा, ते दर दिवाळीला बदले. शेवटच्या दिवाळीत ती दुसरी होती. आणखी एक वर्ष जगते तर बैल खाशाबांच्याही पुढं गेले असते.

मामा मला पहाटे साडेचारला गावातल्या तालमीत घेऊन गेला. मारुतीला नमस्कार केला, चपला बाहेर काढल्या. वस्तादांनी मला बैलबाजारात जनावर बघावं तसं पुढून-मागून पाहिलं. दात तेवढे बघितले नाहीत.

"पावनं, काय काम करता?"

"बसून असतं."

"ते दिसतंय."

मला लढायचंय म्हटल्यावर त्यांनी कोपऱ्यातलं फावडं दाखवलं. "आदी माती उकरा."

माती मऊ असते हा शहरी माणसाचा गैरसमज आहे. तालमीचा हौद रोज उकरावा लागतो, ढेकळं फोडावी लागतात, तेव्हा ती मऊ होते. त्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असतं. पहाटेच्या गारव्यात तिचा वास असा येतो की कुणीतरी जमिनीला फोडणी दिली आहे. पहिल्या पाच मिनिटांत मला तो वास खूप आवडला. दहाव्या मिनिटाला तळहाताला फोड आले. विसाव्या मिनिटाला मी फावड्यावर टेकून उभा राहिलो, तर चड्डीतली दोन पोरं येऊन माझ्या दोन्ही बाजूंनी उकरत पुढं गेली. बांध सोडून नांगर जावा तसा मी मध्ये राहिलो.

चार दिवस मी माती उकरली आणि जोर मारले. पहिल्या दिवशी सात, त्यातले वस्तादांनी मोजलेले तीन. शेजारी एक पैलवान पाचशे बैठका मारून, घाम पुसून, 'आता मेहनतीला लागू' म्हणाला. दिवसभर मग अशी भूक लागायची की मामीच्या चार भाकऱ्या कुठं गेल्या कळायचं नाही. तालमीत जाऊन माणसं वजन उतरवतात. माझं दोन किलो वाढलं. मामाच्या मते तो खुराक अंगाला लागला. लागला खरा, पण सगळा पोटाला.

पाचव्या दिवशी वस्तादांना दया आली. चौदा वर्षांचा एक पोरगा जोडीला दिला. त्याचा डावा कान आत्ताच चेपायला लागला होता. पैलवानाचा कान असाच आधी मोडतो, मग नाव होतं. पोरानं नमस्कार केला, मूठभर माती घेऊन माझ्या मानेला, खांद्यांना चोळली. घामानं हात निसटू नये म्हणून चोळतात. मला हळदीला बसल्यासारखं वाटलं. मग तो खाली वाकला. त्याचं काहीतरी पडलं असेल म्हणून मीही वाकून बघायला लागलो, तोवर माझा उजवा पाय त्याच्या काखेत गेला होता. याला एकेरी पट म्हणतात.

आसमान दाखवणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात वापरला होता. प्रत्यक्षात आधी पत्रा दिसतो. तालमीच्या पत्र्याला वाशाजवळ चिमणीचं घरटं होतं आणि त्यातून एक चिमणी माझ्याकडे वाकून बघत होती. मी नीट बघू शकलो, कारण श्वास परत यायला बराच वेळ होता.

पोरानं मला उठवलं आणि वयाचा मान म्हणून माझ्या पाया पडला. म्हणजे आधी माझी पाठ मातीला आणि मग त्याचा हात माझ्या पायाला. एवढ्या आदरानं मला आजवर कुणी आपटलेलं नाही.

वस्ताद जवळ येऊन बसले. "पावनं, येक ध्यानात ठेवा. पोटावर पडा, नाकावर पडा, काय बी करा. पन पाठ लागू द्यायची न्हाई. पाठ लागली की संपलं."

हे वाक्य घेऊन मी डोंबिवलीला आलो आणि आमच्या डॉक्टरांनी माझी पाठ बघून ताई-ची सुचवली. बागेत सकाळी सहाला ज्येष्ठ नागरिकांचा गट होता. मला वाटलं, आता आपण गटातले सर्वांत तरुण. इथं तरी चालून जाईल. चीनमध्ये १९५६ साली सामान्य लोकांसाठी चोवीस प्रकारांचा एक छोटा क्रम बसवला, तोच हे लोक करत होते. नावं ऐकूनच मन शांत होतं: रानघोड्याची आयाळ दुभागणे, चिमणीची शेपटी धरणे, ढगांसारखे हात. सगळं इतकं हळू की कबुतरं पायाखालून निघायची नाहीत. पण अर्ध्या वाकलेल्या गुडघ्यांवर घोड्याची आयाळ दुभागून बघा. मांड्या अशा थरथरायला लागल्या की शेजारच्या शहात्तर वर्षांच्या आजींनी विचारलं, "शुगर कमी झाली का? गोळी आहे माझ्याकडे."

म्हाताऱ्या माणसांचं पडणं ताई-चीनं कमी होतं, हे संशोधनानं पुष्कळ वेळा दाखवलेलं आहे, आणि दावे तपासणारा माणूस म्हणून मला त्याची किंमत कळते. पण त्या गटात पडायची शक्यता असलेला मी एकटाच होतो. आणि चोर आल्यावर त्याला 'थांब, चिमणीची शेपटी धरतो' असं सांगता येत नाही.

राहिला ज्युदो. खरं तर यालाच पहिला नंबर द्यायला हवा होता, कारण याचा मूळपुरुष माझ्या मापाचा. जिगोरो कानो हा लहानखुरा, किडकिडीत मुलगा. धिप्पाड पोरांच्या त्रासाला कंटाळून जुजुत्सू शिकायला गेला. १८८२ साली टोकियोच्या एका देवळात बारा चटयांच्या खोलीत त्यानं आपली शाळा काढली. काळ्या पट्ट्याची कल्पनाही त्याचीच. कराटेवाल्यांनी ती मागून उचलली. हे लेकीला सांगितलं तेव्हा तिनं आपल्या तपकिरी पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, आणि काही बोलली नाही.

ज्युदोच्या सरांना मी पहिल्याच दिवशी वस्तादांचं वाक्य ऐकवलं. ते हसले. "इथंही स्वच्छ पाठीवर आपटलं की सामना संपतो. पण तुम्ही आपटले जाणारच आहात. मग नीट आपटा."

पूर्ण एक महिना मी फक्त पडलो. फी भरून. आधी झोपल्या-झोपल्या, मग बसून, मग उकिडवं बसून, शेवटी उभ्यानं. दहा मागे, दहा डावीकडे, दहा उजवीकडे. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागं आपटत नाही. श्वास बाहेर. आणि पाठ टेकते त्याच क्षणी अख्खा हात, कोपरापासून तळव्यापर्यंत, अंगापासून थोडा दूर चटईवर सपकन मारायचा.

"आवाज आला पाहिजे," सर म्हणायचे. "आवाज आला नाही म्हणजे हात घाबरला."

इथं प्रथमच मला माझी नोकरी आठवून अंगावर काटा आला. वीस वर्षं मी अपघाताचे अर्ज वाचतोय. बाथरूममध्ये, जिन्यात, मंगल कार्यालयाच्या ओल्या फरशीवर माणसं पडतात, आणि अर्जात एक वाक्य ठरलेलं असतं: 'तोल सावरण्यासाठी हात टेकवला असता'. तो टेकवलेला हातच मोडतो. सगळं वजन एका मनगटावर येतं. ज्युदोवाला तेच वजन हाताच्या लांबीवर, खांद्यावर, पाठीवर वाटून टाकतो. इतकी साधी गोष्ट! माझ्या टेबलावरून निदान शेकडो मनगटं गेली असतील आणि मी फक्त एक्स-रेची तारीख तपासत बसलो होतो.

मला पडणं यायला लागलं. खोटा विनय कशाला, सुरेख यायला लागलं. सर नव्या मुलांना माझं पडणं दाखवायला लागले. कुणाला फेकायची वेळ आली की मात्र मी समोरच्याचा सदरा धरून, मागच्या दारानं बसमध्ये चढू पाहणाऱ्यासारखा लोंबकळायचो आणि पुन्हा स्वतःच पडायचो. पण काय पडायचो! घरी मात्र प्रयोगाला बंदी होती. "गादी फाटेल," बायको म्हणाली. "आणि ते कुलूप कधी आणताय?"

ऑगस्टमधल्या एका रात्री पावणेदोनला वॉचमनची शिट्टी झाली. पाऊस कोसळत होता. मी लुंगीवर, पायात स्लीपर अडकवून, जिन्यानं धावत वर निघालो. प्रमुख म्हणून नव्हे. शिट्टी थांबली नसती तर अख्खी बिल्डिंग मलाच शोधत आली असती. गच्चीचं दार सताड उघडं. टाकी ओसंडून पाणी वरच्या पायऱ्यांवर आलेलं. टाकीमागं काहीतरी हललं. मी "कोण आहे?" म्हणालो. भाजीवाल्याला हाक मारतात त्याच आवाजात. आणि माझे दोन्ही पाय एकदम पुढं गेले.

मी काही केलं नाही. शरीरानंच केलं. हनुवटी छातीला गेली, नजर सवयीनं पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे लुंगीच्या गाठीवर गेली, श्वास बाहेर पडला, पाठ टेकली आणि उजवा हात ओल्या फरशीवर बसला.

फट्ट!

चार मजली जिन्याच्या पोकळीत तो आवाज तळापर्यंत जाऊन परत आला. मग शांतता. मग मजल्यामजल्यावर कड्या वाजल्या. टाकीमागून एक बोका निघाला, कठड्यावर चढून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या पत्र्यावर धाडकन उडी घेतली. मी उताणा पडून एकेक अवयव मोजला. डोकं शाबूत, मनगट शाबूत, कंबर शाबूत. वॉचमन धापा टाकत बॅटरी घेऊन आला.

"साहेब, लागलं का?"

"आवाज कसा आला?" मी विचारलं.

सकाळी दूध घ्यायला उतरलो तर खाली घोळका. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सांगत होत्या, "एकच दिली, पण काय दिली! मी पलंगावर उठून बसले." पहिल्या मजल्यानं चोराला पत्र्यावर उडी मारताना स्पष्ट ऐकलं होतं. तळमजल्यानं तर त्याला लंगडत पळताना पाहिलं. कुणीतरी माझा उजवा हात उलटा केला. तळवा लालभडक. पुरावाच. पोरांनी तो हात लावून बघितला. मी 'अहो, तसं नाही' असं दोनदा म्हणालो. माझ्या अंगी विनयही आहे, असं त्यावरून सर्वांच्या लक्षात आलं.

घरी लेकीनं हात हातात घेऊन निरखला.

"बाबा, थप्पड मारली तर तळवा लाल होईल. तुमचा कोपरापर्यंत कसा झालाय?"

तपकिरी पट्ट्याला मानलं पाहिजे. एक आइस्क्रीम आणि नवे ग्लोव्हज, एवढ्यावर मिटलं. वॉचमनला नवी बॅटरी आणि पावसाळी बूट. सोसायटीच्या खर्चानं.

सप्टेंबरच्या सभेला मी वेळेआधी जाऊन बसलो. सेक्रेटरींनी ठराव वाचला: 'समितीप्रमुखांनी जिवाची पर्वा न करता चोरास प्रत्यक्ष थप्पड लगावून पळवून लावल्याबद्दल ही सभा त्यांचे आभार मानते.' साक्षीदारांची सही नाही, जखमेचं वर्णन घटनेशी जुळत नाही, प्रतिपक्ष मांजर. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर दहा मिनिटांत परत गेला असता. वॉचमन चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता आणि नव्या बुटांकडे बघत होता. टाळ्या झाल्या. फेरनिवड एकमतानं झाली. मी सही केली.

पुढचा विषय होता गच्चीला कुलूप, अंदाजे खर्च रुपये २५०. सूचक माझी बायको. 'सध्याचे समितीप्रमुख असताना सदर खर्चाची आवश्यकता वाटत नाही', असं म्हणून तो सभेनं फेटाळला.

बायको माझ्या कानाशी वाकली. "पडा आता अजून वर्षभर."